सुळे नसलेलं भेकर

भेकराच्या डाव्या कानाची शिवण उसवली होती आणि आतून काथ्या डोकावत होता. काचेचे डोळे मात्र चकचकीत, कुणीतरी सकाळीच फडकं मारलं असावं. खाली पुठ्ठ्याची पाटी. तिच्यावर मराठी नाव, इंग्रजी नाव आणि शास्त्रीय नाव. एवढंच.

ही खोली बघायला आम्ही निघालोच नव्हतो. एडवणहून पहाटे गाडी काढली होती ती खानवेलजवळचं सातमालियाचं हरीण उद्यान बघायला. पुतण्या नऊ वर्षांचा, त्याने हरीण फक्त मोबाईलवर पाहिलेलं. आत्या ऐंशीच्या घरातली, कुठेही जायचं म्हटलं की डबा भरून ओट्यावर तयार. गाडी चालवायला विक्रमगडकडचा एक वारली गडी होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. सफाळे, वरई, मग हायवे, तलासरी, उधवा. समुद्राकाठची माणसं आम्ही. खाऱ्या वाऱ्याची हद्द संपली की आत्या खिडकीची काच वर करते. तिच्या मते इथून पुढची हवा 'कोरडी' असते.

उद्यानात चितळं दिसली, सांबर दिसलं, एक नीलगाय पाठ फिरवून उभी होती, आणि काळवीटही दिसलं. पुतण्याच्या लेखी ती सगळी हरणंच. मी त्याला सांगत होतो की चितळ-सांबराची शिंगं भरीव, फांद्या फुटलेली, दरवर्षी गळून पुन्हा उगवणारी. तो सारंगांचा गोतावळा. काळवीट आणि नीलगाय कुरंगांपैकी; त्यांची शिंगं पोकळ, एकदा आली की जन्मभराची. एका चितळाच्या नव्या शिंगांवर अजून मखमल होती. पुतण्याला ती हात लावून बघायची होती. मध्ये जाळी होती, म्हणून वाचलो.

मला मात्र काळविटाचं अवघड वाटत होतं. ते माळावरचं जनावर. नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० साली खास काळविटांसाठी अभयारण्य झालं. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं; पण खुरटं गवत, बाभळी आणि लांबवर पोचणारी नजर, हे तिथे आहे. सांबराला डोंगर आणि दाट झाडी लागते. आपापल्या घरी राहिले असते तर हे दोघे एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते. इथे एका आवारात शेजारी. ही मंडळी कुठून आणली, कधी आणली, हे मला विचारायचं होतं. पण गाडी पुढे सरकली आणि आत्याला तहान लागली.

कुंपणातली हरणं हा प्रकार दिसतो तितका भोळा नाही. बिबट्या नाही, कोळसुंदा नाही. संख्या वाढतच जाते. दिल्लीत हौज खासच्या हरीण उद्यानात मोजक्या जनावरांची ६०० च्या आसपास झाली, तेव्हा २०२३ साली त्याची मान्यता काढून घेतली आणि कळप राजस्थानकडे हलवायचं ठरलं. हरणांना बिचाऱ्यांना पुन्हा नवा पत्ता.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो, तिथे 'वन्यप्राणी संग्रहालय' असा बाण रंगवलेला होता. एकच खोली. डांबरगोळ्यांचा वास. भिंतीला सांबराची शिंगं, एका बरणीत फिकुटलेला साप, घुबड, रानमांजर आणि मधोमध चौथऱ्यावर ते भेकर.

ड्रायव्हर दारातच थांबला होता. मी म्हटलं, "या की आत." चपला काढून आला. भेकराभोवती एक फेरी मारली, मग खाली बसून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"सुळे कुठं गेले याचे?"

मला काही कळेना.

"शिंगं हायेत म्हंजे नर. नराला वरून दोन सुळे असतात, ओठाभायेर येतात. कुत्रं अंगावर आलं तर त्यानंच फाडतं." मग तो उठला आणि आपलीच मान पुढे काढून, खांदे पाडून, कंबर किंचित वर ठेवून दोन पावलं चालला. प्रत्येक पाऊल उचलून, अलगद, पाचोळा वाजू नये तसं. "असं चालतं ते. डोकं खाली घालून. हे तर बकऱ्यासारखं ताठ उभं केलंय."

खोलीत त्या दिवशी जिवंत भेकर दिसलं ते एवढंच.

चूक पेंढा भरणाऱ्याची म्हणावी, तर त्याने भेकर चालताना कधी पाहिलंच नसेल. त्याच्या हाती कातडं आलं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ साली वन्यप्राण्यांची कातडी जतन करण्याचं केंद्र सुरू झालं, डॉ. संतोष गायकवाड यांच्या हातचं काम तिथे होतं. अशा जाणत्या कामात आधी मापं, मग शरीराचा साचा, आणि त्यावर कातडं चढवतात. नुसतं कातडं ठासून भरलं की उरते ती उशी.

पण मला सुळ्यांपेक्षा ती पाटी जास्त खुपली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची. तिने १९११ मध्ये देशभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली आणि सुरुवात केली आपल्या खानदेशातून. अशा संग्रहात साध्या उंदरालासुद्धा चिठ्ठी बांधलेली असते : कुठे सापडला, कोणत्या तारखेला, कुणाला. चिठ्ठी हरवली की नमुना बाद. मग तो कपाटातली शोभा. आमच्या भेकराला तीन भाषांत नाव होतं आणि गाव नव्हतं.

वारल्यांच्या वाघदेवाला पाटी लागत नाही. शिवेवर लाकडाची फळी रोवलेली, तिच्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले, वर शेंदूर. वाघबारशीला पूजा. तो जिथे उभा आहे तीच त्याची हकिगत.

गाडीत बसल्यावर आत्या म्हणाली, "आपल्या विहिरीवर मणका होता ना, त्यालाही कधी कुणी पाटी लावली नाही."

मणका देवमाशाचा. विहिरीच्या कठड्याला टेकून असायचा, पाटाएवढा. आजोबा त्याच्यावर बसून दात घासत. बायका ओले कपडे पिळून त्याच्यावर ठेवत. आज तसं काही घरात ठेवणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, पण प्रश्नच मिटलाय : विहीर बुजवली तेव्हा तोही भरावात गेला. असले मणके-फासळ्या पूजणारीही माणसं आहेत. वलसाडजवळ मगोद डुंगरीला मच्छीमारांचं मत्स्यमातेचं देऊळ आहे, तिथे देवमाशाच्या हाडांची पूजा होते. आमच्याकडे भक्ती नव्हती, बसायची सोय होती.

"कधीचा गं तो?" मी विचारलं.

"सिल्वासा सुटलं त्या पावसाळ्यातला." म्हणजे १९५४. पोर्तुगीज गेले ती बातमी आणि किनाऱ्याला लागलेलं ते धूड तिच्या डोक्यात एकाच टाचणीने टोचलेलं.

मला खात्री नव्हती. एडवणला चुलतभावाला फोन लावला, तो आत्याहून चारच वर्षांनी लहान. स्पीकरवर त्याचा आवाज फुटला : "छे! तारापूरला अणुभट्टीचं काम चालू होतं तेव्हाचा. मी स्वतः दोरी ओढायला होतो." म्हणजे साठच्या दशकातला.

"तू दोरी ओढलीस? तू रडत होतास," आत्या म्हणाली.

वरई येईपर्यंत दोघांचं चाललं होतं. वास किती दिवस राहिला, धडातलं तेल कुणी नेलं, फासळ्या कुणी उचलल्या, सगळ्यावर वाद. फक्त जागेवर एकमत होतं : मोठ्या ओहोटीला जो काळा खडक उघडा पडतो, त्याच्या दक्षिणेला, डोलीच्या जाळ्यांच्या खुंटांच्या अलीकडे, डोकं देवळाच्या बाजूला. पुतण्या मागून विचारत होता, उद्या ओहोटी किती वाजता आहे.