जागलीचा हिशेब
बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला, सेलू तालुक्यातल्या वावरांत रात्र असते रानडुकरांची आणि रोह्यांची. जागलीवरच्या शेतकऱ्याची सारी मदार कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या झटका मशीनवर, म्हणजे खरं तर त्याच्या बॅटरीवर.

बॅटरीवर 12 व्होल्ट, 12 अँपिअर-तास असं छापलेलं असतं. गुणाकार होतो 144 वॅट-तास. पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली, की लवकर बसते. म्हणून हाताशी धरायचे 72च. मशीन सरासरी 200 मिलिअँपिअर ओढत असेल, तर 12 तासांत सुमारे 29 जातात. मचाणावरचा 5 वॅटचा दिवा 6 तास चालला, की आणखी 30. उरलेल्या 13मध्ये मोबाइलही पुरता चार्ज होत नाही.

हे झालं कोरड्या दिवसांचं गणित. श्रावणात आभाळ दोन दिवस उघडलं नाही, तर सौर पॅनेल असूनही बॅटरी भरत नाही, आणि नेमकं तेव्हाच वावरात सोयाबीन उभं असतं. अशा रात्री दिवा विझवावा, मशीन नाही. जमेल त्याने दुप्पट क्षमतेची बॅटरीच घ्यावी.

सकाळी पॅनेलवर ऊन पडण्याआधी, भार काढून थोड्या वेळाने मल्टिमीटर लावावा. 12.2 व्होल्ट दिसले, तर बॅटरी साधारण निम्मी शिल्लक आहे; त्याहून खाली काटा गेला, तर आजच्या रात्रीची तजवीज दुपारीच करायला हवी.