गुंठाशेठ

उरणात याला नुसतं गुंठा म्हणू नये, शेठ म्हणावं. अंगाने आटोपशीर: तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. असे ४० भाऊ एकत्र नांदले की एकर. पण भाऊ एकत्र नांदतात कुठे?

१९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली. शेर-मण दुकानातून उठले. सातबाऱ्यावर गुंठ्याच्या जागी १०० चौरस मीटरचा ‘आर’ बसवला. गंमत अशी, की गुंठा भरतो १०१.१७ चौरस मीटर. नवा गडी जुन्याच्या इतका जवळचा निघाला, की लोक आर वाचतात आणि गुंठा म्हणतात. हेक्टरला हे जमलं नाही. अडीच एकरांचा तो ऐसपैस पाहुणा खाडीकाठच्या भातखाचरांत कधी रुळलाच नाही.

शेठचा खरा रुबाब नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या, त्यानंतरचा. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. भूखंड कागदावर चौरस मीटरमध्ये, हिशेब मात्र ओटीवर तोंडी: एकराला पाच गुंठे, सार्वजनिक सोयींचे तीस टक्के कापले की हाती साडेतीन. हेच मीटरमध्ये तोंडी करून दाखवा! ४,०४७ वर अडखळायला होतं. माप टिकतं ते असं. जुन्याच्या मायेपेक्षा वाटणीच्या सोयीने.

सरकारलाही तो सुटला नाही. २००१ साली बेकायदा तुकड्यांना नियमात आणणारा कायदा केला, तर त्याचं नावच गुंठेवारी.

जानेवारी २०२४ मध्ये मुंबईहून येणारा अटल सेतू उरणातल्या चिर्ल्याला उतरला. आता दलाल भाव सांगतो तो गुंठ्याचाच. शेठचा एक दुर्गुण इथे सांगायलाच हवा. सातबाऱ्यावर ०.१०.५० (दहा आर, पन्नास चौरस मीटर) असेल, तर ‘साडेदहा गुंठे’ म्हणून तो पैसे मागतो. प्रत्यक्षात ते १०.३८ भरतात. फरक सुमारे १३२ चौरस फुटांचा, म्हणजे एका खोलीचा. तेव्हा बोलणी खुशाल गुंठ्यात करा, पण करारात चौरस मीटर लिहून घ्या आणि पैसे त्याचेच मोजा.