दुसऱ्या अयोध्येत सायकलीवरून

‘आम्ही अयोध्येस जाऊन आलो,’ असे आम्ही दोघी जावांनी घरी दूरध्वनीवरून कळविले, तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न केला तो हा, की शरयूचे पाणी आणणार आहात ना? आमची अयोध्या शरयूकाठची नव्हे, सयाम देशातली, म्हणजे आता ज्यास थायलंड म्हणतात तेथली, हे त्यांच्या गळी उतरवावयास बराच वेळ लागला. ‘मग तिथे खाता काय?’ हा त्यांचा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर मात्र आम्हांस चटकन देता येईना.

माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना घरात आम्ही सारेच वहिनी म्हणतो, ह्यांचे चिरंजीव तीन वर्षांपासून बँकॉक येथे नोकरीस आहेत. मागल्या पौषात त्यांच्याकडे आमचे पंधरा दिवस राहणे झाले. त्यांना कचेरीतून सुटी मिळण्याजोगी नव्हती. म्हणून एके दिवशी पहाटे त्यांनी आम्हांला आगगाडीत बसवून दिले आणि चार थाई शब्द कागदावर लिहून दिले. बँकॉकच्या उत्तरेस सुमारे सत्तर किलोमीटरवर अयुथ्थया हे गाव आहे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात लाकडी बाके, उघड्या खिडक्या आणि दोन्ही बाजूंस भातशेते. वहिनी म्हणाल्या, ‘अगं, हे तर आपले कोकणच सपाट करून ठेवलेले!’

अयुथ्थया हे अयोध्येचेच सयामी रूप. १३५१ साली हे नगर वसविणाऱ्या राजाने स्वतःस रामाधिपती हे नाव घेतले होते. अयोध्या म्हणजे जिच्याशी युद्ध करणे शक्य नाही अशी नगरी. परंतु नावाने तट राखला जात नाही. १५६९ साली ब्रह्मी सैन्याने हे नगर एकदा जिंकले, आणि १७६७ साली, म्हणजे आपल्या पानिपतानंतर सहाच वर्षांनी, दुसऱ्यांदा जिंकून जाळले. त्यानंतर राजधानी येथे पुन्हा आली नाही. चाओ फ्राया, पा साक आणि लोपबुरी ह्या तीन नद्यांनी वेढलेले ते बेट आज लहानसे गाव आहे, आणि गावात जिकडे पाहावे तिकडे विटांचे भग्न मनोरे उभे आहेत.

स्टेशन नदीच्या अलीकडे, जुने शहर पलीकडे. नावेतून पार झालो, तो काठावरच भाड्याच्या सायकलींचे दुकान. दिवसाचे भाडे पन्नास बाट. मी छप्पन्न वर्षांची, वहिनी एकसष्ट. त्यांचे माहेर पुण्याचे. शाळेत त्या सायकलीवरून जात, असे त्या नेहमी सांगत. पण लग्न होऊन आमच्या घरी आल्यापासून त्यांना सायकलीवर बसलेले कोणी पाहिले नव्हते. मी तीनचाकी रिक्षा करू म्हटले. त्या काही न बोलता निऱ्या वर खोचून एका तांबड्या सायकलीवर बसल्या, वीस पावले डगमगल्या, आणि मग अशा सुटल्या की मला मागून ओरडावे लागले. सुदैवाने त्या देशातही वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात.

प्रथम वाट महाथाट. ‘वाट’ म्हणजे मंदिर किंवा विहार, आणि ‘महाथाट’ म्हणजे आपला ‘महाधातु’. बुद्धाचे अवशेष ठेवण्याचे स्थान. चौदाव्या शतकातले हे मंदिर आता जोत्यावरच उरले आहे. तेथे पिंपळाच्या जातीच्या एका झाडाच्या मुळ्यांत बुद्धाचे दगडी मस्तक अडकले आहे. मुळ्यांनी ते असे कवटाळले आहे की झाडालाच मुख फुटले असे वाटावे. छायाचित्र घेणाऱ्याने खाली बसले पाहिजे, आपले डोके त्या मस्तकाहून उंच असू नये, असा तेथील दंडक आहे. वहिनींचे गुडघे दुखतात. त्या सरळ मांडी घालून मातीत बसल्या, आणि रखवालदार प्रसन्न हसला.

पण मला अधिक वेळ खिळवून ठेवले ते त्या मस्तकाने नव्हे. भोवती ओळीने बसलेल्या बुद्धांच्या धडांना शिरेच नाहीत. काही शत्रूने उडविली, काही पुढे चोरांनी विकण्यासाठी तोडली. आपल्याकडे मूर्ती खंडित झाली की तिचे विसर्जन करतात. येथे शिर नसलेल्या त्या धडांच्या खांद्यांवरून कोणी ना कोणी पिवळे वस्त्र नीट पांघरले होते, आणि एकीपुढे ताजी उदबत्ती जळत होती. वहिनी बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या. ‘टाकून देत नाहीत हे लोक,’ एवढेच त्या म्हणाल्या.

शेजारचे वाट राचबुराणा हे भाऊबंदकीचे स्मारक म्हणावे लागेल. १४२४ साली राजा वारला, तेव्हा त्याचे दोन वडील पुत्र हत्तींवर बसून गादीसाठी लढले आणि दोघेही ठार झाले. गादी तिसऱ्यास मिळाली. त्याने भावांच्या दहनभूमीवर हे मंदिर बांधविले. त्याच्या मनोऱ्याखालच्या तळघरात पुरलेले सोने १९५७ साली चोरांनी फोडून नेले. त्यातले जे परत हाती लागले ते गावातल्या संग्रहालयात ठेविले आहे. ते पाहावयास आम्हांस वेळ राहिला नाही. मी मनोऱ्याच्या उभ्या पायऱ्या चढून तळघरात डोकावून आले. वहिनींनी खाली सायकली राखल्या. वर गेल्यावर मला आमच्या मामंजींच्या वाड्याच्या वाटणीची आठवण झाली, हे मी कोणास सांगितले नाही.

आता भुकेची हकीकत. बरोबरचे दशम्यांचे डबे आगगाडीतच संपले होते. रस्त्याच्या कडेला एका दुकानात लहान लहान वाडग्यांतून वाफाळलेल्या शेवया वाढीत होते. पूर्वी कालव्यांतून होड्यांवर विकीत, म्हणून त्यांस होडीच्या शेवया म्हणतात. मी चिरंजीवांच्या कागदावरचा ‘मांस नको’ हा शब्द उच्चारून, नुसत्या शेवया आणि पालेभाजी दे, अशी खूण केली. दुकानातली मुलगी वाडगे भरता भरता थांबली. तिने आपला भ्रमणध्वनी काढून त्यावर काही लिहिले आणि त्याचे भाषांतर आमच्यापुढे धरले. त्या काळसर रश्श्यात हाडांचा अर्क आणि डुकराचे रक्त असते, तेव्हा मांसाचे तुकडे वगळून काही उपयोग नाही, असे ते होते.

तिने सांगितले नसते तर आम्ही खाल्ले असते. मी तिचे आभार मानले. वहिनी गप्पच होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, ‘तीन वर्षे तो दर रविवारी सांगतो, आई, इथे सगळे मिळते.’

मासळीच्या पाण्याचे एक मीठ असते, त्यास तेथे ‘नाम प्ला’ म्हणतात. आपल्या फोडणीतल्या हिंगासारखे ते तिकडच्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडते. आपण भाजी म्हणून जे मागतो त्यातही ते असावयाचेच. हे मी वाचून होते. वहिनींना सांगितले नव्हते.

त्या मुलीने आम्हांला रस्त्यापलीकडे बोट दाखविले. तेथे एका दुकानावर पिवळ्या पताका होत्या आणि त्यांवर तांबडे अक्षर, इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे दिसणारे. ह्याचा उच्चार ‘जे’. चिनी बौद्धांकडून आलेला हा आहार. त्यात मांस, मासळी, अंडे तर नाहीच, पण कांदा आणि लसूणही नाही! चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात आरंभीचे नऊ दिवस पुष्कळ थाई लोक हे व्रत पाळतात, आणि अधिक महिन्याचा फरक पडला नाही तर ते नऊ दिवस आपल्या शारदीय नवरात्राशीच जुळतात. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांना ह्याहून जवळचे स्वयंपाकघर परदेशात कोठे सापडणार? दूधही वर्ज्य असल्यामुळे ताकाची मात्र आशा नाही, एवढीच माझी तक्रार.

वहिनी आत आल्या खऱ्या, परंतु ताटल्यांकडे पाहून दारातच थबकल्या. कारण त्या दुकानात सोयाबीनचे आणि गव्हाच्या सत्त्वाचे पदार्थ हुबेहूब मांसाच्या फोडींसारखे करून मांडले होते. (ही हौस मला आजवर उमगलेली नाही. जे सोडले त्याचेच सोंग कशाला?) दुकानाची मालकीण आमच्याच वयाची. तिने वहिनींचा हात धरून त्यांना मागे चुलीपाशी नेले, आणि भिजलेली अळिंबी, सोयाबीनचे पनीर, कोवळी मक्याची कणसे, एकेक उचलून दाखविले. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. पाच मिनिटांनी वहिनी बाहेर आल्या त्या भाताची ताटली हातात घेऊनच. भोपळ्याची भाजी त्यांनी दोनदा घेतली.

दुपारी राजवाड्याच्या आवारातली वाट फ्रा सी सानफेट पाहिले. एका रांगेत तीन घंटाकार स्तूप, प्रत्येकात एका राजाच्या अस्थी. येथे १५०० साली ओतलेली, सोन्याने मढविलेली सोळा मीटर उंच बुद्धमूर्ती होती. तिचे सोने १७६७ साली शत्रूने वितळवून नेले. लगतच्या विहारात काशाची प्रचंड मूर्ती आहे. त्या आगीत छप्पर कोसळून ती मोडली आणि पुढे दीर्घकाळ उघड्यावर होती. १९५० नंतरच्या दशकात तो विहार पुन्हा उभारला गेला, तेव्हा त्यासाठी ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू ह्यांनी देणगी दिली. जाळणाऱ्यांच्याच देशाचा हा पैसा! आत भाविकांची दाटी होती. अवशेष पाहून आल्यावर जिवंत देवळात बरे वाटले.

उत्तरेकडे पूल ओलांडला की वाट ना फ्रा मेन लागते. ब्रह्मी सैन्याचा तळच येथे होता, म्हणून हे एक मंदिर वाचले, असे सांगतात. आतला बुद्ध राजवेशात, डोक्यावर मुकुट धारण केलेला. आपल्या विठोबासारखा तो पाहणाऱ्याकडे सरळ पाहतो. वहिनींनी तेथे आपल्या पद्धतीने प्रदक्षिणा घातली. कोणी हरकत केली नाही.

परतीच्या वाटेवर दोन ठिकाणी उतरलो. एके जागी एक बाई चक्क आप्पेपात्रात तांदुळाचे पीठ आणि नारळाचे दूध ओतीत होती. ह्या गोड आप्प्यांस ‘खनोम क्रोक’ म्हणतात. वरून पातीचा कांदा घालू नको, अशी खूण केली, की झाले. दुसरी जागा नदीकाठच्या रस्त्यावरची, जेथे ‘रोटी साय माय’ची दुकाने रांगेने आहेत. ही बहुतेक मुसलमान कुटुंबांची. कारागीर मऊ पिठाचा गोळा तळहातावर नाचवीत तापल्या तव्याला नुसता टेकवितो आणि उचलतो. तव्यावर उरतो तो कागदासारखा पातळ पापुद्रा. त्यात साखरेचे रंगीत तंतू गुंडाळून खावयाचे. आपली सुतरफेणी लक्षात आणा, म्हणजे तंतूंची कल्पना येईल. आम्ही पाव किलो बांधून घेतली. हवा लागताच तंतू पाघळून त्यांचा चिकट गोळा झाला, तेव्हा वाचकभगिनींनी ती तेथेच खावी, हे उत्तम.

सायकली परत करताना वहिनी तांबड्या सायकलीची घंटी एकदा उगाच वाजवून आल्या.

रात्री बँकॉकास पोहोचलो. चिरंजीव स्टेशनावर उभे होते. जिन्यावरून उतरता उतरता त्यांनी विचारले, ‘काय जेवलात?’ वहिनींनी पिशवीतून त्यांचाच कागद काढला. त्याच्या पाठीवर त्यांनी आगगाडीत बसून ते तांबडे अक्षर गिरविले होते, दहा-बारा वेळा.

‘हे ओळखतोस का रे?’

‘ओळखतो, आई.’ ते जरा थांबले. ‘आमच्या कचेरीच्या खालीच एक दुकान आहे. मी... नेहमी जातो असे नाही.’

‘नेहमीचे मी विचारलेच नाही. उद्या दुपारी मला आणि काकूला तिथे घेऊन चल,’ वहिनी म्हणाल्या आणि पिशवी त्यांच्या हाती दिली.