एकशे अठराचा पाढा
(पौंडाच्या गावात : भाग दुसरा)

सोमवार

वर्षाच्या सुरुवातीला पौंड १०६ रुपयांच्या आसपास होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये आम्ही दोघी बहिणी हीथ्रोवर उतरलो तेव्हा तो ११८ला जाऊन बसला होता. मार्चपासून दर महिन्याला थोडे थोडे पौंड फॉरेक्स कार्डावर भरत गेलो, त्यामुळे आम्हाला ते ११५च्या आतबाहेर पडले. ताईला मात्र हे पटत नाही. तिचा हिशेब आजच्या दराने चालतो आणि तो ती मोठ्याने करते.

विमानतळावरून मध्य लंडनला जायला तेव्हा एक्स्प्रेस गाडी पंचवीस पौंडांच्या घरात, एलिझाबेथ लाइन चौदाच्या आसपास, आणि साधी पिकॅडिली लाइन ५ पौंड ८० पेन्स होती. आम्ही पिकॅडिलीने ॲक्टन टाउनला उतरून गाडी बदलली आणि ॲल्पर्टनला गेलो. मध्य लंडनात शिरायचंच नव्हतं, म्हणून भाडं त्याहूनही कमी लागलं.

ॲल्पर्टन म्हणजे वेम्बलीच्या ईलिंग रोडचं एक टोक. मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता, हवं ते पीठ, सगळं रस्त्यावरच्या गुजराती दुकानांत मिळतं. खोली स्वयंपाकघर वापरायला देणारी घेतली. रात्री मुगाची खिचडी आणि वर तूप.

मंगळवार

लांब राहिल्याने काय वाचतं आणि काय जातं, ते सकाळीच मांडून पाहिलं. लंडनच्या वाहतुकीत दिवसाच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे. कार्ड टेकवत राहायचं, ठरलेल्या आकड्यानंतर पैसे कापले जात नाहीत. झोन एक ते दोनसाठी ही मर्यादा तेव्हा ८ पौंड ९० पेन्स होती, झोन चारपर्यंत १२ पौंड ८०. म्हणजे चौथ्या झोनमधल्या वेम्बलीत राहिल्याचा भुर्दंड माणशी रोज जास्तीत जास्त ३ पौंड ९० पेन्स. खोलीचं भाडं मात्र मध्य लंडनातल्या साध्या हॉटेलच्या निम्म्यावर आलं. हॉटेल बघताना लोक स्टेशनपासूनचं अंतर मोजतात. त्यांनी ही वजाबाकीही करावी.

कार्डाचा एक नियम पक्का लक्षात ठेवावा. माणशी एक कार्ड, आणि दिवसभर तेच. सकाळी प्लास्टिकचं कार्ड टेकवलं आणि दुपारी तेच कार्ड फोनमधून वापरलं, तर यंत्र त्यांना दोन वेगळे प्रवासी समजतं आणि मर्यादा दोन्हींची वेगळी धरतं.

बसचं भाडं तेव्हा पावणेदोन पौंड होतं आणि त्यात तासाभरात कितीही बस बदलता येतात. नुसत्या बसने फिरलं तर दिवसाची मर्यादा ५ पौंड २५ होती. रोख पैसे लंडनच्या बसमध्ये २०१४पासून चालत नाहीत. ट्राफल्गर चौकातून १५ नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेशी बसलो. सेंट पॉल कॅथीड्रल गेलं, टॉवर ऑफ लंडन आला. पर्यटकांच्या उघड्या बसवाले याच रस्त्याचे कितीतरी पट घेतात.

बुधवार

आज पैशांची खरी गळती कुठे होते ते दिसलं. एका दुकानात ४० पौंडांची खरेदी झाली. कार्डाच्या यंत्राने विचारलं, पैसे रुपयांत द्यायचे की पौंडांत? रुपयांचा आकडा समोर लिहिलेला : ४,९८०. दर काढला तर १२४च्या वर. ताईचं बोट आपल्या ओळखीच्या चलनाकडे निघालं होतं, ते मी धरलं. पौंड दाबायचं, दर वेळी पौंडच. रुपयांत हिशेब करून देण्याची ही सेवा दिसायला सोयीची, पण तिचा दर दुकानदाराच्या बाजूचा असतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. निघण्याआधी बँकेला हे विचारून घेतलं, तर तीन पौंडांच्या चहावर दिवसभर हळहळावं लागत नाही.

दुपारी किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर पाहिलं. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. आत जायला पैसे पडत नाहीत. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं.

आमच्या या प्रवासाशी त्या घराचं नातं मला वाटलं होतं त्याहून जवळचं निघालं. १९२० मध्ये हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सरकारने रुपया दोन शिलिंगांवर धरायचा प्रयत्न केला. त्या दराने पौंड १० रुपयांना पडायचा. तो दर टिकला नाही. पुढच्या वर्षी रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला, म्हणजे पौंड १६ रुपये. शाहू महाराजांची मदत, नवल भाथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज आणि मुंबईत साठवलेला पगार यांवर शिकणाऱ्या माणसाला ही घसरण केवढ्याला पडली असेल! पैसे वाचवायला ते पायी चालत, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस काढत, रात्री भूक पापडांवर भागवत, असं त्यांच्या चरित्रांत येतं. आणि त्यांनी प्रबंध लिहिला तो रुपयाच्याच प्रश्नावर. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ मध्ये लंडनमध्येच प्रसिद्ध झाला. त्या खोल्यांतून फिरताना ताईने पाढा म्हटला नाही.

गुरुवार

पाऊस. दुपारी सुपरमार्केटचं ‘मील डील’ : सँडविच, एक खाऊ आणि पेय मिळून चार पौंडांच्या आसपास. संध्याकाळी त्याच दुकानात मुदत संपत आलेल्या मालावर सवलतीची पिवळी चिठ्ठी लागते, तेव्हा पाव आणि फळं घेतली. ताईला यात कमीपणा वाटला. मला वाटला नाही. रांगेत सुटाबुटातले चौघे होते.

शुक्रवार

सरकारी संग्रहालयांचे कायमस्वरूपी संग्रह लंडनमध्ये फुकट आहेत. काहींनी मधल्या काळात तिकीट लावलं होतं, ते २००१च्या डिसेंबरात सगळीकडे उठलं. शुक्रवारी नॅशनल गॅलरी रात्री नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत उघडं असतं, त्यामुळे दिवस बाहेर हिंडून संध्याकाळ तिथे घालवता येते. अल्बर्टमध्ये ट्रेजनच्या स्तंभाची साच्यातून काढलेली प्रतिकृती आहे. छताखाली मावेना म्हणून दोन तुकड्यांत उभी केली आहे. त्या दालनातून आमचा पाय निघेना. शिवाजी महाराजांची मानली जाणारी वाघनखं मात्र इथे शोधू नका. ती जुलै २०२४ पासून तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आहेत.

जेवायला बाहेर गेलो. पाणी मागताना ‘टॅप वॉटर’ म्हटलं की फुकट मिळतं, नुसतं ‘वॉटर’ म्हटलं तर विकतची बाटली येऊ शकते. बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क होतं. ते बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतं, नको असेल तर काढायला सांगता येतं. वाढणारी मुलगी चांगली होती, आम्ही दिलं.

शनिवार

उंचावरून शहर पाहायचं होतं. शार्ड या उंच इमारतीचं तिकीट सोडलं आणि बिशप्सगेटवरच्या ‘होरायझन २२’ला गेलो. अडीचशे मीटरहून उंच सज्जा आहे आणि प्रवेश फुकट, फक्त जागा आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. थेम्स, टॉवर ब्रिज आणि आपली १५ नंबरची बस ज्या रस्त्याने गेली तो रस्ता, सगळं खाली.

खरेदी आम्ही जवळजवळ केलीच नाही. पर्यटकांना निघताना व्हॅट परत मिळण्याची सोय इथे १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे, आणि तो कर २० टक्के आहे. ब्रँडचा कोट पुण्यात घेतलेला बरा.

पुढच्या भागात एडिंबरा. तिकडच्या गाडीचं तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त पडतं. तेव्हा येत्या उन्हाळ्यात ज्यांना निघायचं आहे त्यांनी पौंड उतरण्याची वाट पाहत बसू नये. तिकीट आत्ता काढावं आणि कार्डावर दर महिन्याला थोडे थोडे पौंड टाकायला लागावं.