समुद्र दिसू लागला तेव्हा

श्रीवर्धनला माझ्या मामूंच्या घरातून समुद्र दिसत नसे. फक्त ऐकू येई. घर आणि किनारा यांच्यामध्ये पोफळी-माडांच्या वाड्या होत्या आणि त्यापुढे सुरूची झाडं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुंब्र्याहून एस.टी.नं जायचो. अम्मी ओटीवर टेकायच्या आत आम्ही भावंडं वाडीतून पळत सुटायचो. भर दुपारीसुद्धा तिथं पायाखालची जमीन गार असे. चार घरांच्या वाड्या ओलांडल्या की किनारा. त्या चार घरांत आम्ही होतो, भंडारी होते, ब्राह्मण होते. कुणी कधी हटकलं नाही. पाटाला पाणी सोडलेलं असेल तर उडी मारून जायचं, बांध तुडवायचा नाही, एवढाच कायदा होता.

दुपारी पडवीत बायका सुपारी सोलायला बसत. श्रीवर्धनी रोठ्याचं नाव मोठं, पण माझ्या लक्षात राहिल्या त्या गप्पा. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचा मुलगा आखातातून येणार, सगळं तिथंच कळायचं.

३ जून २०२० रोजी दुपारी चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. नाव 'निसर्ग', बांगलादेशानं सुचवलेलं. तेव्हा टाळेबंदीचे दिवस होते. जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता. मामूंचा फोन बंद. अम्मी दिवसभर मोबाईल हातात धरून बसायची. पाचव्या दिवशी फोन लागला. मामू एवढंच म्हणाले, "घर आहे. वाडी गेली."

ऑक्टोबरात जाता आलं. उभ्या पोफळी मध्येच मोडल्या होत्या. एक पडताना शेजारचीला घेऊन पडली होती. पोफळीला एकच शेंडा असतो. तो गेला की नवा फुटवा येत नाही. वर्गात मी हे शिकवलं आहे, पण त्या दिवशी बघितलं. ओटीवरून थेट समुद्र दिसत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामू, किती सुंदर दिसतो!" मामू काही बोलले नाहीत. त्यांनी खुर्ची फिरवली आणि समुद्राकडे पाठ करून बसले. त्या वाक्याची मला आजही शरम वाटते.

रात्री हिशेब झाला. फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले होते. हेक्टर म्हणजे जवळपास १०० गुंठे. मामूंची वाडी १२ गुंठ्यांची. सहा हजार रुपये. पडलेली खोडं कापून बाहेर काढायलाच त्याहून जास्त लागले होते. नवीन पोफळ लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं तरी हवीत, आणि मामू सत्तरीला आलेले. एकजण जागा मागत होता. समुद्र दिसतो म्हणून पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या त्याला. मी शिकलेली, नोकरी करणारी भाची. मीच म्हटलं, "मामू, विकून टाका. या वयात कशाला कष्ट?"

मामू म्हणाले, "बेटा, मी विकली तर मागच्या लोकांनी किनाऱ्यावर कुठून जायचं?"

माझ्या हिशेबात झाडं होती, रुपये होते, मामूंचं वय होतं. ही वाट नव्हती. सुट्टीत येऊन ती तुडवणारी मी, तिची आठवण मात्र मामूंना ठेवावी लागली.

चारांपैकी दोन वाड्या पुढे विकल्या गेल्या. तिथं आता चिऱ्याची भिंत आहे. मामूंनी विकली नाही. रोपं लावली, त्यांना सावली हवी म्हणून मध्ये केळी लावल्या. मागच्या घरांतली माणसं आता मामूंच्या वाडीतून जातात आणि भिंतीला वळसा घालून किनारा गाठतात.

परवा मे महिन्यात मी माझ्या मुलीला घेऊन गेले होते. पाटाला पाणी होतं. ती बांधावर पाय ठेवणार, तोच मामू आतून ओरडले. तिनं उडी मारली. रात्री अम्मीचा फोन आला. तब्येतीचं विचारून झाल्यावर म्हणाली, "अजून समुद्र दिसतो का गं ओटीवरून?"

म्हटलं, "दिसतो. पण केळींच्या मधून, थोडाच."