बांध

परवा जेवताना आई म्हणाली, "मागच्या मावशींकडं जाऊन चार महिने झाले बघ."

मावशींचं घर आमच्या गच्चीवरून दिसतं. त्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांचे रंगसुद्धा ओळखू येतात. पण मधे भिंत आहे, आणि मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जायचं तर दीड किलोमीटर. आईचं वय ७२.

आईचं लहानपण लातूरच्या गंजगोलाईजवळ गेलं. लातूरकरांना गोलाई काय सांगायची! बाकीच्यांसाठी सांगतो: फैयाजुद्दीन यांनी आखलेली, १९१७ साली बांधलेली गोल दुमजली बाजारपेठ. मधोमध अंबाबाईचं देऊळ, आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते. एकावर गर्दी असली तर दुसऱ्यानं जा.

मग आमच्याकडं असं कसं झालं? शहर वाढलं ते शेतांवर. एक शेत विकलं जातं, एन.ए. होतं, प्लॉटिंग पडतं. पाडणारा गल्ल्या आखतो त्या आपल्या गट नंबरापुरत्या. शेजारचं शेत दहा वर्षांनी विकलं जातं, त्याच्या गल्ल्या भलतीकडंच. विकास आराखड्यात मोठे रस्ते असतात, पण या गल्ल्यांची गाठ कोण घालणार? दोन्हीकडच्या गल्ल्या जुन्या बांधापाशी येऊन थांबतात. बांधाच्या जागी आता कंपाउंड वॉल, एवढाच फरक.

नांदेडचा आतेभाऊ म्हणतो, "आमच्याकडं २००८ च्या गुरुता गद्दीला रस्ते बघ कसे रुंद झाले!" खरंय. पण रस्ता रुंद असणं वेगळं आणि जोडलेला असणं वेगळं. त्याच्याही नव्या कॉलनीत दूध आणायला गाडी काढावी लागते. हे आपल्याकडंच आहे असंही नाही. जगभरातल्या रस्त्यांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. १९७५ पासून नवे रस्ते एकमेकांशी कमी जोडलेले होत चाललेत, असं त्यात दिसलं.

असो. जगाचं राहू द्या, माझंच सांगतो.

आमच्या भिंतीला आधी एक खिंडार होतं. माणूस तिरका होऊन जाईल एवढं. आई तिथूनच जायची. मग कॉलनीतल्या दोन मोटारसायकली चोरीला गेल्या, बैठक झाली, खिंडार बुजवायचं ठरलं. वर्गणीच्या यादीत तिसरं नाव माझं.

गावाकडं शेताची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडं दाद मागता येते. काकांबरोबर मीही अशा तारखांना गेलोय. वाट अडवणाऱ्याला आम्ही काय काय बोललो होतो! इथं तर मीच अडवली. आणि आई एका शब्दानं बोलली नाही.

रविवारी पुन्हा बैठक आहे. भिंतीला छोटं फाटक बसवू, रात्री कुलूप लावू, असं मांडणार आहे. विरोध होणार. पण किल्ली सांभाळायला माणूस आहे आमच्या घरी.

बघू.