डे झिरो

लॅबमधली उंदरीण गाभण राहिली असावी की नाही, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळीच कळतं. संध्याकाळी नर-मादी एका पिंजऱ्यात सोडायचे, सकाळी मादीचा स्मिअर काचेवर घ्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू दिसले की पिंजऱ्याच्या कार्डावर लिहायचं, 'डे झिरो'. पुण्याबाहेरच्या एका खासगी टॉक्सिकॉलॉजी लॅबमध्ये मी चार वर्षं हे केलं. त्यामुळे मला दिवस गेल्याचं सांगितल्यावर सेक्शनमधल्या मैत्रिणीने पहिला प्रश्न विचारला, "तुझा डे झिरो कधीचा?"

काहीजणी पहिले तीन महिने बातमी लपवायच्या. नेमके तेच महिने जपायचे असतात, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक? आमचं कामच ते. एका स्टडीत चार गट, प्रत्येकात वीसेक गाभण माद्या. सहाव्या दिवसापासून रसायन नळीने थेट पोटात. विसाव्या दिवशी, पिल्लं होण्याच्या तोंडावर, गर्भाशय उघडायचं. जिवंत पिल्लं मोजायची आणि जे गर्भ आतल्या आत विरून गेले त्यांच्या खुणाही मोजायच्या. निम्मी पिल्लं अलिझरीन रेड या रंगात. मांस काचेसारखं होतं, हाडं लालभडक. बोटाच्या दोन पेरांएवढ्या त्या सांगाड्यात तेरा बरगड्या मोजायच्या, उजवीकडे तेरा, डावीकडे तेरा. चौदावी दिसली की नोंद. (चौदावी कंट्रोल गटातही निघते. नवीन मुली उगाच घाबरतात.)

मी अकराव्या आठवड्यात सरांना सांगितलं. ते स्टडी डायरेक्टर. "मॅडम, उद्यापासून डोसिंग बंद. डेस्कवर बसा, रॉ डेटा तपासा." नियम बरोबरच होता, मी तो इतरांना शिकवलेला. पण वर्षअखेरीच्या मूल्यमापनात 'यंदा लॅबमधला अनुभव कमी' असा शेरा आला आणि स्टडी डायरेक्टर होण्याची माझी पाळी मागच्या बॅचच्या मुलाकडे गेली. त्याचं त्याच वर्षी लग्न झालं होतं. तो रोज त्याच खोलीत तीच द्रावणं ढवळत होता, आणि मूल कधी हवंय हे त्याला कुणी विचारलं नाही. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या पुरुषांना मूल होत नसल्याचं उघडकीस आलं होतं. आमच्या प्रशिक्षणाच्या स्लाइडवर ते होतं. स्लाइड पुढे सरकली की विषय संपायचा.

डेस्कवरच्या त्या महिन्यांत मी फ्रान्सिस केल्सीबद्दल वाचत बसले. 1960 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनात त्या नव्याने रुजू झाल्या आणि लगेच थॅलिडोमाइड या औषधाचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. कंपनी मागे लागली होती, त्या मात्र आणखी पुरावा मागत राहिल्या. गर्भाची शंका त्यांना उगाच आली नव्हती. युद्धकाळात मलेरियाच्या औषधांवर काम करताना त्यांनी पाहिलं होतं, की मोठा ससा क्विनाइन झपाट्याने पचवतो, गाभण सशीण कमी, आणि पोटातल्या पिल्लाला ते जमतच नाही. थॅलिडोमाइडने उंदरांना फारसं काही होत नाही, सशांना होतं. आमच्याकडे उंदरांच्या जोडीला सशांची खोली असते, त्यामागे हा इतिहास आहे. केल्सींची सुरुवात मात्र वेगळ्याच कारणाने माझ्या लक्षात राहिली. शिकागोच्या एका प्राध्यापकांनी त्यांना नोकरीचं पत्र पाठवलं ते 'मिस्टर' म्हणून. नावावरून पुरुष समजले. मी बाई आहे, असं कळवू का, हे त्यांनी आपल्या जुन्या सरांना विचारलं. सर म्हणाले, वेडेपणा करू नकोस, सरळ हो म्हण.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला तासगावकडे माहेरी गेले. ऑक्टोबर, द्राक्षांची फळछाटणी झालेली. बाया फडक्याने काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावत होत्या. पेस्टिंगच्या दिवशी दारू प्यायची नाही, हे गावात पोरासोरांनाही माहीत. प्यायलं की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते. युरोपात याच रसायनावर, गर्भाला अपाय करत असल्याचा संशय, असा शिक्का आहे. ते गावात कुणी बोलत नाही.

त्यातली एक पाच महिन्यांची. हातमोजा एकाच हातात, तोही फाटका.

"अक्का, तुमी तितं पुण्याला काय करता?"

"औषध पोटातल्या बाळाला बाधतं का, ते उंदरांवर बघतो."

"मग ह्ये बाधतं का?"

"तू नको लावूस."

"आन् हजेरी?"

मी दादांना, म्हणजे वडिलांना, बाजूला घेतलं. "तिला छाटलेल्या काड्या वेचायला लावा. हजेरी तीच द्या." दादा म्हणाले, "बाकीच्या बाया काय म्हणतील?" तरी ऐकलं त्यांनी. दोन दिवस ती काड्या वेचत होती. आमची बाग उरकली. तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून पाहिलं, तर ती शेजारच्या बागेत होती, हातात फडकं घेऊन.